अस्थिपेढीला जिल्ह्यात काय काम? एका रुजलेल्या मताचे खंडन

हाड कमी पडले तर रुग्णाच्या स्वतःच्या कमरेतून काढावे. तेवढ्याने भागले नाही तर बाजारात मिळणारे कृत्रिम दाणे भरावेत. दुसऱ्याचे हाड वापरायची हौसच असेल तर ते साठवणारी अस्थिपेढी मुंबईने चालवावी. वर्ध्यासारख्या जिल्ह्याने त्या फंदात पडू नये. हे मत मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. ते मांडणारे लोक अजाण नाहीत. त्यांतले कित्येक निष्णात शल्यचिकित्सक आहेत, काही रुग्णालयांचा कारभार सचोटीने चालवणारे आहेत. आणि म्हणूनच या मताला उत्तर देणे भाग आहे. अडाण्याची चूक त्याच्यापुरती राहते, जाणत्याची चूक रूढी होऊन बसते.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो दुबळा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही.

त्याचा मुख्य आधार शास्त्राचा आहे. हाडाचे कलम धरायला तीन गोष्टी लागतात. हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी, आसपासच्या पेशींना हाड घडवायला उद्युक्त करणारी प्रथिने, आणि नव्या हाडाने ज्यावर चढायचे तो सांगाडा. या तिन्ही गोष्टी एकत्र असतात त्या केवळ रुग्णाच्या स्वतःच्या हाडात. पेढीतल्या हाडातल्या पेशी मेलेल्या असतात. मग सोने सोडून पितळ का घ्यावे? दुसरा आधार भीतीचा आहे, आणि ती भीती पोकळ नाही. परक्या हाडातून एचआयव्ही आणि कावीळ शिरू शकते, जंतुदोष शिरू शकतो. तिसरा मुद्दा व्यवस्थेचा. उणे ८० अंशांचे शीतकपाट, अखंड वीज, किरणोत्सर्गाची सोय, परवाना, नोंदी हे सगळे जिल्ह्याच्या ठिकाणी कोण सांभाळणार? चौथा मुद्दा बाजाराचा. मूत्रपिंडांचे काळे व्यवहार या देशाने पाहिले आहेत. आता हाडांचे पाहायचे का? पाचवा मुद्दा भावनेचा. अस्थी आपल्याकडे पवित्र मानल्या जातात, त्या कुणाच्या कपाटात गोठवून ठेवायच्या नसतात. आणि वर्ध्यात या पाचांवर एक सहावा मुद्दा हमखास येतो. हा गांधी-विनोबांचा जिल्हा आहे, इथल्या वैद्यकाने साधे राहावे, यंत्रांच्या मागे धावू नये.

आता एकेक तपासू.

स्वतःचे हाड सर्वोत्तम, हे मला मान्य आहे. न जुळलेल्या अस्थिभंगात, लहानशा पोकळीत, जिथे मूठभर हाडाने काम होते तिथे रुग्णाचेच हाड घ्यावे. तिथे पेढीचे नाव काढणाऱ्या शल्यचिकित्सकाला मीच अडवीन. पण सर्वोत्तम म्हणजे फुकट नव्हे, आणि सर्वोत्तम म्हणजे पुरेसेही नव्हे. पूर्वपक्षाचा सारा डोलारा या दोन गोष्टी विसरण्यावर उभा आहे.

कमरेचे हाड काढणे म्हणजे काय ते जवळून पाहा. ओटीपोटाच्या हाडाची पुढची टोकदार कड बोटाने चाचपायची, तिच्या दोन-तीन सेंटिमीटर मागून छेद घ्यायचा, स्नायू खरवडून बाजूला सारायचा, छिन्नीने कडेची खिडकी उघडायची आणि आतले लालसर, ओल्या वाळूसारखे हाड चमच्याने काढायचे. छेद थोडा पुढे सरकला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला संवेदना देणारी नस सापडते. मग रुग्णाची मांडी महिनोन् महिने बधिर राहते किंवा जळजळते. पायाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण फेरीच्या वेळी पायाबद्दल बोलतच नाही, कमरेवर हात ठेवून तक्रार करतो, हे हाडांच्या वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. यंगर आणि चॅपमन यांनी १९८९ मध्ये अशा २४३ कलमांचा हिशेब मांडला. हाड काढलेल्या जागी गंभीर गुंतागुंत ८.६ टक्के रुग्णांत झाली, किरकोळ गुंतागुंत २०.६ टक्के रुग्णांत. ही त्या ‘सोन्याची’ घडणावळ आहे. ती रुग्णाने मोजायची, आणि बहुतेक वेळा त्याला न सांगता.

आता पुरेशा हाडाचा प्रश्न. सात वर्षांच्या मुलाच्या दंडाच्या हाडात गाठ होऊन मोठी पोकळी झाली आहे. त्याच्या कमरेतून किती हाड निघेल? त्या वयात ती कड बरीचशी कूर्चेचीच असते. चमचाभर हाड मिळवायला त्याच्या वाढीच्या जागेशी खेळावे लागते. मोठ्यांसाठी केलेला नियम मुलावर लादला की असे होते.

आणि ज्या रुग्णामुळे हा वाद वर्ध्यात तरी संपायला हवा तो रुग्ण सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. विदर्भात हा आजार आहे हे नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच लॅन्सेटमधून जगाला सांगितले. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, गोळा मरतो, चेपतो. हे म्हातारपणी होत नाही, ऐन विशी-तिशीत होते. कापसाच्या शेतात उभे राहून काम करणारा तरुण काठी धरून चालू लागतो. त्याचा सांधा बदलला जातो. पण पासष्टीत बदललेला सांधा माणसाला शेवटपर्यंत साथ देऊ शकतो. पंचविशीत बदललेला देत नाही. काही वर्षांनी वाटी सैल होते, भोवतालचे हाड झिजून खड्डा पडतो, आणि दुसरी शस्त्रक्रिया उभी राहते. तो खड्डा कशाने भरणार? अशा दुरुस्तीत एकेका खुब्याला दोन-तीन गोळ्यांचे हाड सहज लागते. रुग्णाच्या कमरेत तेवढे हाड नसते, आणि जे असते तेही त्याच आजाराच्या माऱ्यात सापडलेले असते. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या स्लूफ आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याचे उत्तर दिले. पेढीतल्या गोळ्यांचा चुरा करायचा, तो खड्ड्यात ठोकून ठोकून घट्ट बसवायचा आणि त्यावर सिमेंटने वाटी बसवायची. त्या चुऱ्यात रुग्णाचे स्वतःचे हाड हळूहळू शिरते आणि त्याची जागा घेते. ही पद्धत जगभर गेली. तिला लागते एकच गोष्ट, दुसऱ्याचे हाड. ते नसेल तर तिशीतल्या त्या तरुणाला आपण काय सांगणार आहोत?

पूर्वपक्ष इथे म्हणेल: कृत्रिम दाणे वापरा. पण थांबा. पेढीचे हाड नाकारताना आपण कोणता निकष लावला होता? त्यात पेशी नाहीत, हा. मग कॅल्शियम फॉस्फेटच्या दाण्यांत पेशी आहेत का? त्यांत तर प्रथिनेही नाहीत. तीनपैकी एकच गुण आहे, सांगाडा, आणि तोही ठिसूळ. दोन गुण असलेले नापास आणि एक गुण असलेले पास, हा कुठला न्याय? पेढीच्या हाडात प्रथिनांचा गुण उरतो हे मी पदरचे सांगत नाही. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये सायन्स या नियतकालिकात दाखवून दिले की खनिज काढून टाकलेल्या, एकही जिवंत पेशी नसलेल्या हाडाचा तुकडा स्नायूत पुरला तरी तिथे नवे हाड तयार होते. आधुनिक अस्थिजीवशास्त्राचा एक मोठा प्रवाह त्या निबंधातून निघाला. मेलेले हाड निरुपयोगी, हे विधान तेव्हापासून टिकण्याजोगे राहिलेले नाही.

शास्त्राचा इतिहासही पूर्वपक्षाच्या बाजूचा नाही. ग्लासगोचे विल्यम मॅकेवेन यांनी १८८० च्या सुमारास एका चार वर्षांच्या मुलाचा दंड वाचवला. जंतुदोषाने त्याच्या दंडाचे हाड जवळजवळ नाहीसे झाले होते. मॅकेवेन यांनी त्याच्या कमरेला हात लावला नाही. मुडदुसाने पाय वाकलेल्या इतर मुलांवर त्या काळात ते शस्त्रक्रिया करत. पाय सरळ करताना नडगीच्या हाडाच्या पाचरी निघत. त्याच पाचरी त्यांनी या मुलाच्या दंडात बसवल्या, आणि तो हात कामाचा झाला. एका मुलाच्या शस्त्रक्रियेतून निघालेले, एरवी फेकले गेलेले हाड दुसऱ्या मुलाला. अस्थिपेढीची मूळ कल्पना इतकी साधी आहे. पुढे १९४२ मध्ये हवानात इन्क्लान यांनी हाड थंडीत साठवून वापरण्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि १९४९ मध्ये अमेरिकी नौदलाने बेथेस्डाला ऊतकपेढी उघडली. पण कल्पना ग्लासगोची, आणि तिला यंत्र लागले नव्हते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण विरोधकांच्या हातातले हे सर्वांत चांगले शस्त्र आहे आणि ते बहुधा वापरत नाहीत. कर्करोगासाठी मांडीचे अर्धे हाड काढून त्या जागी पेढीतले अखंड हाड बसवणे हे वेगळे प्रकरण आहे. बोस्टनच्या मँकिन यांनी १९९६ मध्ये अशा ७१८ रुग्णांचे निष्कर्ष दिले. ११ टक्क्यांत जंतुदोष, १९ टक्क्यांत बसवलेले हाड मोडले, १७ टक्क्यांत ते जुळले नाही. हे आकडे गंभीर आहेत. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तर काही रुग्णांचे स्वतःचेच गाठीचे हाड काढून, त्याला किरणोत्सर्ग देऊन, परत बसवतात. तो मार्ग कित्येकदा सरस ठरतो. जिल्ह्याने अखंड मांड्या साठवाव्यात असे मी म्हणतच नाही. माझा पक्ष चुऱ्याचा आहे, पाचरींचा आहे, खड्डे भरण्याचा आहे. मोठ्या कलमांचे अपयश दाखवून छोटी कलमे नाकारणे म्हणजे पूल कोसळला म्हणून घराचा उंबरा काढून टाकणे.

आता भीतीकडे वळू. इथे मी अधिक थांबणार आहे, कारण इथेच वाचकाला न्याय करायचा आहे.

हाडातून एचआयव्ही संक्रमित झाल्याची घटना खरी आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत एका जिवंत दात्याचा खुब्याचा गोळा पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत वापरला गेला आणि ज्याला तो मिळाला त्याला लागण झाली. १९८८ मध्ये ते जाहीर झाले. पण १९८४ मध्ये एचआयव्हीची चाचणी उपलब्धच नव्हती. ती आली १९८५ मध्ये. दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे. १९८५ मध्ये एका मृत दात्याचे अवयव आणि ऊतके वाटली गेली. चाचणी झाली होती, ती नकारात्मक आली होती, कारण लागण अगदी ताजी होती. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याचा पूर्ण शोध प्रसिद्ध झाला. अवयव मिळालेले चौघेही बाधित. प्रक्रिया न केलेले, नुसते गोठवलेले हाड मिळालेले तिघे बाधित. आणि उरलेले? तपासलेले ३४ जण. त्यांत अल्कोहोलची प्रक्रिया केलेले हाड मिळालेले होते, वाळवलेली ऊतके मिळालेले होते, किरणोत्सर्ग दिलेले मेंदूचे आवरण मिळालेले होते, मगज धुऊन काढलेले गोठवलेले हाड मिळालेला एक जणही होता. त्यांतला एकही बाधित नव्हता.

दाता एकच, विषाणू एकच. फरक होता तो हाडावर काय केले याचा. या एका प्रकरणात पेढीचे सगळे शास्त्र सामावले आहे. मगज धुऊन काढा, कारण विषाणू राहतो तो रक्तात आणि मगजात. त्यावर प्रक्रिया करा. आणि नकारात्मक चाचणीवर एकदाच विसंबू नका. म्हणून जिवंत दात्याचे हाड काढल्यावर ते वेगळे ठेवतात, १८० दिवसांनी दात्याचे रक्त पुन्हा तपासतात, आणि मगच ते हाड वापरासाठी मोकळे करतात. एचआयव्ही, दोन्ही काविळी आणि सिफिलिस यांच्या चाचण्या, जंतूंसाठी कल्चर, आणि आपल्या देशात क्षयरोग लपलेला असू शकतो म्हणून गोळ्याची एक चकती सूक्ष्मदर्शकाखाली. आमवात, कर्करोग, दीर्घकाळचे स्टेरॉइड असलेला दाता वगळायचा. सिकलसेलने मेलेला गोळाही घ्यायचा नाही. आरएच निगेटिव्ह मुलीला प्रक्रिया न केलेले आरएच पॉझिटिव्ह हाड द्यायचे नाही, नाही तर पुढे तिच्या गरोदरपणात प्रश्न उभा राहील. शेवटी गॅमा किरण, २५ किलोग्रे. या मात्रेला जंतू मरतात आणि हाडाची ताकद बहुतांशी टिकते. ती खूप वाढवली तर हाड ठिसूळ होते. किरण म्हणजे या साखळीची शेवटची कडी. आधीच्या कड्या ढिल्या ठेवून किरणांवर भिस्त ठेवणारी पेढी मी पेढी मानत नाही.

इतके केल्यावर धोका शून्य होतो का? नाही. रक्त देतानाही होत नाही. पण ज्या रुग्णालयात रोज रक्ताच्या पिशव्या चढतात, जिथे ते रक्त धुता येत नाही, किरणांखाली निर्जंतुक करता येत नाही, सहा महिने राखून ठेवता येत नाही, तिथेच हाडाच्या संसर्गाची भीती घालणे कितपत सुसंगत आहे? एक आक्षेप असाही ऐकू येतो की परके हाड शरीर नाकारील. मूत्रपिंड नाकारले जाते कारण त्याच्या जिवंत पेशी परक्या म्हणून ओळखल्या जातात. प्रक्रिया केलेल्या हाडात त्या नसतात. म्हणूनच अशा रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागत नाहीत. गंमत अशी की हाडात पेशी नाहीत म्हणून ते वाईट आणि परक्या पेशी आहेत म्हणूनही वाईट, असे दोन्ही आक्षेप एकाच तोंडून ऐकायला मिळतात. दोन्ही एकदम खरे कसे असतील?

व्यवस्थेचा मुद्दा त्या मानाने लवकर संपतो. महाराष्ट्राने हे काम करून दाखवले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतकपेढी चालते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आशियातल्या देशांसाठी आखलेल्या कार्यक्रमातून ती उभी राहिली, आणि डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती वाढवली. हाडे आणि गर्भवेष्टने स्वच्छ करून, गोठवून वाळवून, ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात किरणोत्सर्ग देऊन ती तयार होतात. आयसोमेड १९७४ पासून चालू आहे, शस्त्रक्रियेची कितीतरी साधने तिथे निर्जंतुक होतात. म्हणजे किरणांची सोय प्रत्येक जिल्ह्यात हवी हा समज मुळातच चुकीचा. किरणांकडे माल पाठवायचा असतो. आणि वीज? गोठवून वाळवलेले हाड हवाबंद पाकिटात साध्या खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकते. वैशाखात वर्ध्याची वीज गेली तरी कपाटातल्या त्या पाकिटाला फरक पडत नाही. किरणांपर्यंत पोचायचेच नसेल तर जर्मनीत गोळे ८२.५ अंशांना तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत आहे. तिला लागते ते एक टेबलावर मावणारे यंत्र. मग राहिला प्रश्न कच्च्या मालाचा. काही सहकारी सांगतात की आपल्याकडे युरोपासारखा खुब्याचा झिजेचा आजार नाही, त्यामुळे गोळे मिळणार नाहीत. पहिले विधान बरोबर, दुसरे चूक. अंगणात पाय घसरून पडलेल्या, खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या बायका आणि पुरुष आपल्याकडे किती येतात ते पाहा. शस्त्रक्रियेत स्क्रूसारख्या हत्याराने गोळा बाहेर काढतात, गेज लावून त्याचा व्यास मोजतात, तेवढ्याच मापाचा धातूचा गोळा बसवतात. आणि काढलेला? तो ट्रेमध्ये पडून राहतो, टाके घालून होईपर्यंत कोरडा पडतो, आणि मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून भट्टीकडे जातो. गुडघ्याची झीज तर आपल्याकडे घरोघरी आहे. गुडघा बदलताना कापून काढलेले हाडाचे काप त्याच पिशवीत जातात. एका टेबलावर हाड फेकायचे आणि शेजारच्या टेबलावर हाडासाठी कमर फोडायची, हे रोज चालते. याला काटकसर म्हणायचे की उधळपट्टी?

बाजाराच्या भीतीला मी हलक्यात घेत नाही. कलकत्त्याहून मानवी सांगाड्यांची निर्यात १९८५ मध्ये बंदी येईपर्यंत राजरोस चालू होती. अमेरिकेत २००५ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांतून प्रेतांची हाडे चोरून विकली गेली. त्यांत ॲलिस्टर कुक या ख्यातनाम निवेदकाची हाडेही होती. ते ९५ व्या वर्षी कर्करोगाने गेले होते. कागदावर वय ८५ आणि मृत्यूचे कारण हृदयविकार असे लिहिले गेले. या प्रकरणातून पूर्वपक्ष काय शिकतो? पेढ्या नकोत. मी काय शिकतो? खोटा कागद चालला, कारण हाड आणि माणूस यांच्यामध्ये दलालांची लांब साखळी होती आणि टोकाच्या शल्यचिकित्सकाला दात्याचे नावगाव कळायची सोय नव्हती. आता कल्पना करा: दाता आणि ज्याला हाड मिळाले तो, दोघेही एकाच रुग्णालयाच्या नोंदवहीत आहेत, दोघांचे केसपेपर एकाच दप्तरात आहेत, शस्त्रक्रिया करणारा हातही एकाच विभागातला आहे. इथे दलाल कुठे शिरणार? जिल्ह्याची पेढी बाजाराला बळ देत नाही, बाजाराची गरजच काढून घेते. पेढ्या बंद ठेवल्या तर हाडाची निकड नाहीशी होत नाही. ती पाकिटबंद आयात मालाकडे वळते, आणि त्याचा दाता कोण होता हे आपल्यापैकी कुणालाही ठाऊक नसते.

कायद्यानेही हे क्षेत्र मोकळे सोडलेले नाही. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो ज्या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले त्यांच्या बळावर. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. २०११ च्या दुरुस्तीने आणि २०१४ च्या नियमांनी त्यात ऊतके आली आणि ऊतकपेढीची नोंदणी बंधनकारक झाली. ऊतकांच्या व्यापाराला एक ते तीन वर्षे कैद आणि ५ ते २५ लाख रुपये दंड आहे. ज्या महाराष्ट्राने हा कायदा मागितला, त्याने कायद्याच्या चौकटीतल्या पेढीला घाबरावे?

अस्थींच्या पावित्र्याबद्दल बोलताना मला शब्द जपून वापरायचे आहेत. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचा काही भाग पवनारला धाम नदीत विसर्जित झाला. त्या काठावर आजही दरवर्षी माणसे जमतात. या जिल्ह्याला अस्थींचे मोल शिकवायची गरज नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एक तपासून पाहावे. खुबा बदललेल्या आजीचा गोळा आज कुठे जातो? नदीत नाही, चितेत नाही, भट्टीत. त्याला आज कोणते पावित्र्य मिळते आहे, जे पेढीत गेल्याने भंगेल? मरणोत्तर दानातही फक्त हातापायांची लांब हाडे घेतात, त्या जागी लाकूड किंवा नळी बसवून देह शिवतात. कवटी, कणा, बरगड्या तशाच राहतात. दहन होते, तिसऱ्या दिवशी अस्थीही मिळतात. कोणता संस्कार अडला?

या बाबतीत मी माझ्याच बाजूच्या लोकांवरही थोडा नाराज आहे. अस्थिदानाचे प्रत्येक आवाहन दधीची ऋषींपासून सुरू होते. कथा थोर आहे. पण तिने लोकांच्या मनात ठसते ते असे की हाड द्यायचे म्हणजे देह ठेवायचा. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या पेढीचा बहुतेक दाता शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालू लागतो. त्याने त्याग केलेला नसतो. त्याने फक्त होकार दिलेला असतो. दधीचींची उंची समोर ठेवून आपण त्या साध्या होकाराला भलताच अवघड करून टाकतो.

राहिला साधेपणाचा मुद्दा. सेवाग्रामचे नाव घेऊन पेढीला विरोध करणाऱ्यांना मी सेवाग्रामचेच उदाहरण देतो. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबा रुग्णालयाच्या पायावर महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, खेड्यात. त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालय शहरातच शोभते, असेच म्हणणारे लोक होते. याच संस्थेने आसपासच्या गावांसाठी ज्वारीची आरोग्यविमा योजना चालवली. ज्याच्याकडे रोकड नाही त्याने सुगीत ऐपतीप्रमाणे ज्वारी घालायची, गावाची ज्वारी एकत्र जमा व्हायची आणि घरात कुणी आजारी पडले की त्या जमेवर उपचार मिळायचे. आज माझ्याकडे आहे ते घातले, उद्या ज्याला लागेल त्याला मिळाले. अस्थिपेढीचा व्यवहार याहून वेगळा आहे का? गांधीविचाराचा कस लावायचाच असेल तर तो परदेशी दाण्यांच्या पाकिटाला लावा, गोळा भट्टीत टाकण्याच्या रिवाजाला लावा. दोन्ही नापास होतील.

आणि आता तो मुद्दा, ज्यामुळे मी मुंबईपेक्षा वर्ध्याला या कामासाठी अधिक योग्य मानतो. वर पाहिलेल्या प्रत्येक दुर्घटनेत काय बिघडले होते? फ्रीज बंद पडला नव्हता. चाचणी झाली नव्हती किंवा एकदाच झाली होती, हाड धुतले नव्हते, कागद खोटा होता. पेढी म्हणजे मुख्यतः नोंदवही. आणि त्या नोंदवहीतला सर्वांत अवघड रकाना कोणता? १८० दिवसांनंतरच्या रक्ताचा. दात्याला सहा महिन्यांनी पुन्हा गाठायचे. तो मिळाला नाही तर ठेवलेले हाड टाकून द्यावे लागते, किंवा महागडी न्यूक्लिक अ‍ॅसिड चाचणी करावी लागते. मुंबईच्या रुग्णालयात बिहारहून, कोकणातून आलेला दाता सहा महिन्यांनी कुठे शोधणार? वर्ध्यात चित्र वेगळे आहे. सेवाग्रामला विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीकडे एक गाव असते. ते तिथे राहतात, घरोघरी जातात, पुढची वर्षे त्या कुटुंबांशी संबंध ठेवतात. सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालयही याच जिल्ह्यात आहे. आशाताई प्रत्येक गावात आहेत. हिंगणघाटच्या, आर्वीच्या, देवळीच्या पलीकडच्या वस्तीत राहणारी, खुबा मोडून आलेली आजी सहा महिन्यांनी कुठे असते हे इथे माहीत असते. ती नव्या खुब्याच्या तपासणीला यायचीच असते. आली नाही तर तिच्या दारात जाऊन पाच मिलिलिटर रक्त घेता येते.

पूर्वपक्षाचा शेवटचा प्रश्न मग उरतो: होकार कोण मागणार, आणि खेड्यातली माणसे तो देतील का? शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भुलीच्या आणि शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेतातच. त्याच वेळी, वऱ्हाडी बोलीत, घरच्यांसमोर, गोळा काढल्यावर तो कुठे जातो आणि कुठे जाऊ शकतो हे दोन मिनिटांत सांगायचे. नकार दिला तर उपचारात तसूभर फरक पडणार नाही हेही सांगायचे, आणि ते लिहून ठेवायचे. आजपर्यंत किती जणांना आपण हे विचारले आहे? न विचारताच ‘लोक देणार नाहीत’ असा निष्कर्ष काढणे कुठल्याच शास्त्रात बसत नाही.